इनास रेंदेराची साक्ष

आमच्या घराला दार होतं, पण घर आमचं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे चटकन कळत नाही, म्हणून सरळ सांगते. मोरजीच्या अलीकडे एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची माडांची बाग होती आणि त्या बागेत आमचं घर होतं. भिंती आजोबांनी घातलेल्या, सारवण आईचं, पण खालची जमीन भाटकाराची. अशा माणसाला आमच्याकडे मुंडकार म्हणतात. मुंडकारानं विहीर खणायची नाही. अंगणात फणस लावायचा नाही. एकदा आई केळ्यांचा घड घेऊन भाटकाराच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. छपरावर झावळ्यांच्या जागी नळे, म्हणजे कौलं, घालू का, एवढंच तिला विचारायचं होतं. भाटकार आतूनच म्हणाला, "झावळां फुकट मेळटात न्हय? मागीर नळे कित्याक?" घड ठेवून घेतला. त्या पावसात माझी पुस्तकं भाताच्या टोपात घालून वर परात झाकून ठेवावी लागली.

बाबा वर्षातले आठ महिने डिचोलीच्या बाजूला खाणीवर असत. घरी आले की त्यांचा पंचा धुताना पाणी लाल व्हायचं. खोकला त्यांनी तिथूनच आणला. अशा घरातून मी म्हापशाला कॉलेजात गेले आणि बी.ए. झाले. आमच्या घराण्यात सही करणारीही मी पहिलीच. हे मी मिरवते, कारण मिरवण्यासारखंच आहे ते. पण जे लिहायला बसले आहे त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

त्याच भाटात, म्हणजे बागेत, इनास माड काढायचा. माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. सतरा माड त्यानं भाटकाराकडून खंडानं, म्हणजे भाड्यानं, घेतले होते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो एकेका माडावर चढायचा. कमरेला काष्टी, मागे कोयती, एका बाजूला लोंबणारा दुधी भोपळ्याचा कवचा, त्यात सूर. बुटका, रुंद छातीचा माणूस. माडाला मिठी मारून मारून छातीवर गुडघ्यासारखे घट्टे पडलेले. पायांची बोटं एकमेकांपासून इतकी लांब की टायरच्या व्हाणा त्याला कधी नीट बसल्याच नाहीत. त्या तो माडाखाली काढून ठेवायचा. व्हाणा दिसल्या की समजायचं, इनास वर आहे.

चढताना तो प्रार्थना म्हणायचा. तिची रीत त्याची स्वतःची होती. अर्धी वर जाताना, अर्धी खाली येताना. पाय जमिनीला लागल्याशिवाय 'आमेन' म्हणायचा नाही. एकदा मी विचारलं, वरच का संपवत नाहीस म्हणून.

"आमेन म्हणटकच देव म्हणटा, जालें ह्याचें काम. मागीर तो दुसऱ्याकडेन पळयता. आनी हांव अजून अर्द्या माडार!"

देवाविषयी तो असाच बोलायचा, शेजारच्या वाड्यावरच्या कुणाविषयी बोलावं तसं. मी शाळेत असताना विचारलं होतं, तुमचा देव वर आकाशात असतो ना? तो हसला. "वयर ना गो बाये. हांव दिसाक तीनदां वयर वतां, माका केन्नाच मेळूंक ना. तो सकयलच खंय तरी आसतलो."

माडावरून सगळ्या वाड्याची अंगणं दिसतात. कोण कुणाच्या परड्यात शिरलं, कुणाच्या चुलीवर काय नाही, कोण मागच्या दारानं गेलं. इनासला सगळं दिसायचं. पण माडावरून पाहिलेलं त्यानं जमिनीवर कधी सांगितलं नाही. कुंपणापलीकडे स्वतःच्या जमिनीत राहणारा आमचा शेजारी गोपाळ, त्याच्या झाडाचे दोन फणस एका दुपारी नाहीसे झाले. गोपाळ सरळ इनासच्या माडाखाली येऊन उभा राहिला.

"इनास, तूं वयर आशिल्लो. सांग, कोणें व्हेले?"

"वयर माजे हात माडाक, पांय माडाक. दोळे हांव व्हाणांवांगडा सकयल दवरून वतां."

"म्हळ्यार चोर तुजो इश्ट!"

"इश्ट तर तूंय न्हय, गोपाळ?"

गोपाळ शिव्या घालत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात दीड फणस येऊन पडलेला. इनास कुणाकडे गेला, काय बोलला, कुणालाच कळलं नाही. बाबांनी अर्ध्या फणसाविषयी चिडवलं तेव्हा म्हणाला, "अर्दो पोटांत गेल्लो, तो कसो परत येतलो?" आणि मग जरा थांबून, "ज्याचें ताकाच सांगचें. तिसऱ्याक सांगलें काय ती गजाल जाता."

इनासला वाचता येत नव्हतं. रोमी लिपीही नाही, आपली तर नाहीच. प्रार्थना पाठ, बाकी पाद्री सांगेल ते. मी कॉलेजात जाऊ लागले त्या वर्षी म्हापशाच्या फेस्तात, म्हणजे चर्चच्या जत्रेत, एका टेबलावर मराठी शुभवर्तमानाची लहानशी पुस्तिका मिळाली. स्वस्त होती म्हणून घेतली, त्याहून पवित्र कारण काही नव्हतं. इनासला कळलं आणि रविवारी दुपारी, चर्चमधल्या मीसहून आल्यावर, पांढरा शर्ट, लांब पँट आणि अनवाणी, असा तो आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"वाच पळोवया. तुका बापायन शिकयलां, ताचो माकाय मातसो उपेग जावं."

मी वाचलं. त्यानं कान देऊन ऐकलं आणि येशूच्या त्या शुद्ध मराठीला म्हणाला, "तुमचो जेजू भटावरी उलयता गो!"

तेव्हापासून कितीतरी रविवार ते वाचन चाललं. मी मराठीतून वाचायची, मग कोंकणीतून सांगायची. तो मधेच थांबवायचा. उधळ्या मुलाची गोष्ट झाली तेव्हा आधी त्यानं विचारलं, "ह्याची आवय खंय?" आई गोष्टीत नाहीच म्हटल्यावर मान हलवली. "आवय आसती जाल्यार तो इतलो पयस वचूंकच नासलो." आतून आई म्हणाली, "तें मात खरें." आई सहसा आमच्या बोलण्यात पडत नसे.

एकदा बाबा खाणीवरून आलेले होते आणि मी द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट वाचली. मालक सकाळी काही मजूर लावतो, दुपारी काही, अगदी संध्याकाळी उरलेल्यांनाही बोलावतो आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते ते सरळ झाले.

"सकाळसावन रापिल्ल्याक आनी सांजे आयिल्ल्याक एकच मोल? असलो मुकादम आमच्या खाणीर येंव दी, ताका टोपल्यांत घालून धाडटले!"

"तूं सांजमेरेन उबो रावला केन्ना?" इनासनं विचारलं.

"कित्याक रावूं? माका काम आशिल्लें."

"हांव रावला. माड मेळचे पयलीं, म्हापशाच्या तिंट्यार. सगळ्यांक आपयतात, तुका आपयनात. काम केल्यार आंग दुखता. काम नासतना दीसभर उबो रावल्यार काळीज दुखता. आनी घरा भुरग्यांक त्या दिसा अर्दीच भूक लागता?"

बाबा खोकले. मग म्हणाले, "तरीय तें बरोबर ना."

"बरोबर ना म्हणून तर पुस्तकांत आसा. बरोबर आसतें जाल्यार मामलेदारान बरयलें आसतें."

दोघं खूप हसले. मी मात्र मनात म्हणत होते, याला अर्थशास्त्र कळत नाही. मला तेव्हा नुकतंच कळायला लागलं होतं.

आवडलेली जागा पुन्हा ऐकायची असली की इनास पुस्तिकेत नारळाच्या पातीचा हीर घालून ठेवायचा. अक्षर येत नाही, मग खूण तरी. एका रविवारी एक पान त्यानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, हीर घातला, आणि पाणी पिऊन उठून गेला. मी पुस्तिका फळीवर ठेवली आणि माझ्या परीक्षेला लागले. त्या सुमारास त्याच्यात एक फरक पडला होता. आधी तो वाक्यागणिक सोपूत, म्हणजे शपथ, घालायचा. "खुरसाचो सोपूत, आयज सूर गोड आसा," असं. ते एकाएकी बंद झालं. गिऱ्हाईकं चिडवायची, "इनास, सोपूत घाल, मागीर घेतां." तो म्हणायचा, "घेवन पळय. सूर उलयतली." आम्हाला वाटलं, वय झालं.

मग कायदा झाल्याचं गावात पोचलं. अमुक सालाच्या आधीपासून जो मुंडकार घरात राहतो, त्याला ते घर आपल्या नावावर करून घेता येईल. अर्ज मी लिहिला. आमच्या भाटातला पहिला अर्ज. आईनं तो देवापुढे ठेवला, मग बाबांनी अंगठा दिला. भाटकारानं उत्तर दिलं की हे घर नव्हतंच, ही माळ्याची खोप होती, आणि हे लोक कालपरवा येऊन राहिले. आता साक्षीदार हवा होता. जुनी माणसं एकतर मेलेली, नाहीतर भाटकाराच्या खंडात. इनासही त्याच्याच खंडात होता. तरी बाबांनी विचारलं आणि तो लगेच म्हणाला, "येतां."

"माड व्हरतलो तो, इनास."

"माड ताचे. जीब माजी."

तो काळ वाईट होता. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सगळा मुलूख तापलेला; ख्रिस्ती बहुतेक कोंकणीच्या बाजूचे. आमच्या पेडणे तालुक्यात घरात बोलायची कोंकणी आणि वाचायची-लिहायची मराठी, यात कुणाला कधी अडचण वाटली नव्हती, पण त्या वर्षी तू कुठल्या बाजूचा हे आधी विचारायचे आणि पाणी मागाहून. मी मराठीची. सभांना जायची, घोषणा द्यायची. दोन्ही बाजूंची पोरं सह्यांचे कागद घेऊन इनासकडेही गेली होती. त्यानं कुणालाच अंगठा दिला नाही. "आंगठो माका माडार चडूंक जाय," म्हणाला. मला ते आवडलं नव्हतं. मला वाटलं, गोड बोलून निसटतो.

सुनावणीच्या दिवशी कचेरीत गर्दी होती. आमच्या गावचे आठ-दहा जण आपापल्या कामांसाठी ओसरीवर थांबलेले. इनास रविवारचा पांढरा शर्ट घालून आला होता, त्या दिवशी व्हाणाही. त्याला पुढे बोलावलं. कारकुनानं ठरलेला मजकूर वाचला: देवाची शपथ घेऊन सांगतो की खरं तेच सांगेन. म्हण.

इनास म्हणाला, "खरें सांगतां."

"तसं नाही. शपथ घे."

"खरें सांगतां, साहेब. पूण सोपूत घेवचो ना."

भाटकाराचे वकील हसले. "खरं बोलणाऱ्याला शपथेची भीती कशाला?"

मामलेदारांनी मान वर करून पाहिलं. इनास खाली बघत उभा. कानशिलावरून घाम. बाबा त्याच्याकडे बघत होते, तसं मी त्यांना फक्त डॉक्टरकडे बघताना पाहिलं होतं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. त्याची जबानी झाली नाही आणि आम्हाला पुढची तारीख मिळाली.

तो बाहेर ओसरीवर आला आणि मी त्याला गाठलं. माझा आवाज मोठा आहे, सभांमधून आणखी मोठा झाला होता.

"किती माड दिले भाटकारान? सतराचे वीस केले? हांव तुका आयताराक देवाचीं उतरां वाचून दाखयतां, आनी तूं देवाच्या नांवान एक खरें उतर उलोवंक शकना?"

"बाये, मागीर उलोवया."

"मागीर कित्याक? सगळ्यांक आयकूं दी. किरिस्तांव तो किरिस्तांव! तुमचो धर्म आयतारापुरतो, आनी भास तुमची आमचीं घरां बुडोवपापुरती! आमच्या आंगणांत पांय घालूं नाका."

ओसरीवरचे दोघं-तिघं हसले, माझ्या बाजूनं. इनासनं माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. मग तो व्हाणा हातात घेऊन निघून गेला. त्या घालून त्याला चालता येत नव्हतं.

घरी आल्यावर बाबा हातपाय धुताना एवढंच म्हणाले, "भाटकार कोण, बाय? तो किरिस्तांव? तो आमचोच न्हय?"

 माझ्याकडे उत्तर होतं, असं तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला इनास आला. अंगणाच्या कडेला, जिथे आईचं सारवण संपतं, तिथं थांबला. पाय घालू नको म्हटलं होतं, त्यानं घातला नाही. "वयनी, बाय आसा?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आई बाहेर जाऊन म्हणाली, "ना रे." मी आतच आहे हे त्याला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. चौथ्या दिवशी तो जरा मोठ्यानं म्हणाला, "वयनी, तिका सांग. तें तिणेंच वाचिल्लें."

मी ऐकलं. काय वाचिल्लें, हे विचारायला उठले नाही. ज्याचं त्यालाच सांगायला तो तीन संध्याकाळी आला होता, आणि मी त्याला सांगू दिलं नाही. त्यानंतर तो आला नाही.

महिन्याभरात भाटकारानं सतराच्या सतरा माड काढून घेतले. आमच्या बाजूनं तो कचेरीत नुसता उभा राहिला, तेवढंच पुरलं. मला ते कळलं तेव्हा मी म्हणाले, असेल, दुसरं काही कारण असेल. माणूस आपला राग टिकवायला किती कष्ट घेतो! इनास मग धारगळला हमरस्त्याच्या कामावर चिरे उतरवायला जाऊ लागला, बेळगावकडच्या मजुरांबरोबर. पन्नाशी उलटलेला माणूस. आई म्हणायची, संध्याकाळी परतताना तो आपल्या माडांच्या बाजूला बघतच नाही, दर्याच्या बाजूनं चालतो.

मला डिचोलीला हायस्कुलात नोकरी लागली. सामान बांधताना फळीवरून ती पुस्तिका काढली. हीर तसाच होता. उघडून बघितलं. शपथेविषयीचं पान. शपथ घेऊच नका, कशाचीच नको. हो म्हणायचं तर हो, नाही तर नाही, त्याच्यापुढचं सगळं वाईटातून येतं, असा त्याचा अर्थ. मी ते वाचलं होतं. दोनदा. माझ्या स्वच्छ, सभेतल्या मराठीत. आणि मग परीक्षेला लागले होते. मला ते वाचन होतं. त्याला ती आज्ञा होती.

मी जमिनीवरच बसले. आई म्हणाली, "कितें गो?" मी पुस्तिका मिटून सामानात ठेवली.

नंतर समजलं की त्याच्या पाद्रींनीही त्याला सांगितलं होतं, कोर्टकचेरीत शपथ घेतली तर पाप नाही, चर्च त्याला हरकत घेत नाही. तो म्हणाला होता, "पाद्र, तुमी शिकिल्ले, तुमकां त्या उतराच्या भायर पडपाची वाट कळटा. माका तें उतर इतलेंच कळ्ळां." हट्टी होता, हे मी मान्य करते. पण एवढंच कळलेलं जो पाळतो, त्याच्यापुढे पुष्कळ कळलेल्यांनी जरा हळू बोलावं.

आणि वाट होती. कायद्यातच होती. देवाचं नाव न घेता, सत्यप्रतिज्ञेवर जबानी देता येते. कुणी मागितली असती तर कचेरीनं नाकारली नसती. वकिलांना ठाऊक होतं, ते हसत राहिले. मला ठाऊक असायला हवं होतं, मी ओरडत राहिले. घरात पहिली पदवी माझी, आणि साधा प्रश्न विचारायचं माझ्या मनात आलं नाही: शपथेशिवाय चालेल का?

तो प्रश्न इनासनं विचारला. एक दिवसाची मजुरी बुडवून तो एकटा कचेरीत गेला, बाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनविसाकडे. त्यानं सांगितलं, असं असं म्हणायचं. इनासनं त्याला खोदून विचारलं म्हणे. "देवाचें नांव ना? हांव खरें सांगतां, इतलेंच?" "इतलेंच." "मागीर बरें." पुढच्या तारखेला बाबा एकटेच गेले होते, मी डिचोलीत. तिथं इनास आधीच येऊन बसलेला. कुणी बोलावलं नव्हतं. माड जायचे ते गेलेच होते.

त्याची जबानी मी नंतर नक्कल काढून वाचली. कारकुनाच्या मराठीतून इनासचा आवाज येतो. सोळा वर्षांचा असल्यापासून या भाटात माडावर चढतो, आधी दुसऱ्या रेंदेराच्या हाताखाली, मग खंडानं. पोर्तुगीज होते तेव्हापासून. पहिल्यांदा वाकड्या माडावर चढलो तेव्हा खाली या लोकांचं छप्पर होतं, त्यावर पडेन अशी भीती वाटली. खाली यांची आई भात सडत होती. ती म्हणाली, पडलास तर छप्पर तू शाकारून देशील. खोप नव्हे, घर होतं. चूल होती. तुळस होती. मी वरून रोज पाहत आलो.

माडावरून पाहिलेलं इनासनं जमिनीवर सांगितलं, ते एवढं एकदाच.

त्याची माफी मागायची हे मी ठरवलं. पण मी अपमान केला होता तो चारचौघांत, तेव्हा माफीही चारचौघांतच मागायला हवी, असं मी स्वतःला पटवलं. तत्त्व चांगलं होतं. पण त्याच तत्त्वाच्या आडोशानं मी दिवाळी घालवली, शिमगा घालवला. मोठ्यांदा मागायची म्हणून हळूसुद्धा मागितली नाही.

मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रूसाकडे, लादीन होतं. लादीन म्हणजे खुरसापुढची सामुदायिक प्रार्थना. आमच्याकडे त्याला हिंदूही जातात, उभे राहतात, प्रसाद घेतात. त्या दोन-तीन वर्षांत जाणं कमी झालं होतं, पण त्या वर्षी माणसं पुन्हा आली होती. खुरसाला चुना लावलेला, कागदी पताका, एकजण व्हायोलिन वाजवत होता आणि सूर मधेच घसरत होता. कचेरीच्या ओसरीवर त्या दिवशी होते ते बहुतेक सगळे होते. गोपाळही. मी आईबरोबर मागं उभी राहिले. वाक्य पाठ करून गेले होते.

गाणं संपलं. वाफाळते उकडलेले चणे वाटायला सुरुवात झाली, आणि वाटत होता इनास. वाळला होता. खांदा एका बाजूला उतरलेला, चिऱ्यांचा. कागदाचा कोन करायचा, मूठभर चणे घालायचे, पुढे द्यायचा. माझ्यासमोर आला. कोन केला, भरला, माझ्या हातात दिला.

"डिचोलेंत धुल्ल खूब मगे?"

"आसा," मी म्हटलं.

"बापायचो खोंक?"

"तसोच."

"आनी तूं? वाचता मगे? काय सोडलें?"

सगळे तिथंच होते. दोन पावलांवर गोपाळ चणे फुंकत होता. यापेक्षा चांगली जागा मला आयुष्यात मिळणार नव्हती, हे तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "वेळ मेळना."

"वेळ मेळटा," तो म्हणाला. "हून आसात, सांबाळून खा." आणि पुढच्या माणसाचा कोन करू लागला. रांग लांब होती. प्रत्येक कोन तो तळहातावर उलटा धरून एकदा खालून दाबायचा, गळत नाही ना बघायचा, मगच चणे घालायचा. मी कोन संपेपर्यंत उभी राहिले. मग आई म्हणाली, "चल," आणि मी निघाले. वळणावर मागं पाहिलं तेव्हा शेवटची पोरं घेऊन गेली होती, आणि तो भांड्याच्या तळाशी उरलेले चणे खरवडून व्हायोलिनवाल्याला देत होता.

त्या पावसाळ्यात तो बार्देसात लेकीकडे गेला आणि तिथंच तापानं वारला. आम्हाला कळलं तेव्हा माती होऊन आठवडा झाला होता. आई लेकीला भेटून आली. मी त्या दिवशी शाळेत परीक्षेवर होते, रजा मागता आली असती.

निकाल लागला तोवर गोवा घटकराज्य झालं होतं. घर आमच्या नावावर झालं, बाबांच्या आणि आईच्या. बाबांनी सहा महिने का होईना, आपल्या जमिनीवर उभं राहून पाहिलं. आमचा निकाल पाहून त्या भाटातल्या आणखी नऊ घरांनी अर्ज केले, आणि आज दहाही घरं ज्यांची त्यांच्या नावावर आहेत. आमच्या निकालात पहिला आधार म्हणून एकाच साक्षीदाराची जबानी लिहिली आहे. तो साक्षीदार इनास. त्यानं शपथ घेतली नाही. त्यानं खरं सांगितलं.